कोर्टाची तारीख आणि बुडणारा रोज

आपल्या वस्तीत कोर्टाची पायरी न चढलेले घर विरळाच. कुणाचा पोटगीचा दावा, कुणाची गावच्या जमिनीची भानगड, कुणी ॲट्रॉसिटीच्या खटल्यातला साक्षीदार. कज्जा गावाकडे आणि पोट मुंबई-पुण्यात, अशी आपली तऱ्हा. एका तारखेपायी एस.टी.चे भाडे, दोन दिवसांचा रोज, धुण्याभांड्याच्या कामावर खाडा. एवढे करून पोहोचावे तर पुढची तारीख हातात पडते! खरा दावाही आपली माणसे मध्येच सोडून देतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणून व्हिडिओवरून कोर्टात हजर राहण्याची सोय बंधुभगिनींनी समजून घ्यावी. ही सोय करोनाने आणली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मुंबईच्या एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच मान्यता दिली होती. 'समक्ष' म्हणजे एकाच खोलीत, असा अर्थ न्यायालयाने धरला नाही. टाळेबंदीत, ६ एप्रिल २०२० ला, देशभरच्या कोर्टांसाठी आदेश निघाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० नेही फौजदारी कामकाज अशा रीतीने चालवण्यास वाट दिली आहे. मात्र परवानगी न्यायाधीशांची लागते. तारखेच्या आधी वकिलामार्फत अर्ज करावा. कामावर जाता जाता रस्त्यातून फोन लावला म्हणजे हजेरी लागली, असे कुणी समजू नये.

पण प्रत्येक कामाला पडदा बरा नव्हे. नवरा-बायकोच्या वादात तडजोडीची बोलणी आधी समोरासमोर व्हावीत, ती फिसकटल्यावर दोघांच्या संमतीनेच व्हिडिओचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये बहुमताने ठरवले. त्यात शहाणपण आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, सासू शेजारी बसलेली असताना, आपली लेक मोबाईलसमोर काय बोलणार? आणि नवरा संमती नाकारून तिला हेलपाटे घालायला लावील, त्याचे काय? हा भाग आम्हांस खटकतो.

अटकेचेही तसेच. पोलीस कोठडीसाठी आरोपीला न्यायाधीशापुढे प्रत्यक्षच उभे करावे लागते. व्हिडिओ चालतो तो पुढे, न्यायालयीन कोठडीत. आपला पोरगा आत असेल तर हे ध्यानात ठेवा. पाठीवरचे वळ पडद्यावर दिसत नाहीत.

घरात चांगला फोन नाही, रेंज नाही, अशांनी निराश होऊ नये. तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो.

आणि ॲट्रॉसिटीच्या खटल्यात प्रत्यक्ष जावेच लागले, तर १९९५ च्या नियमांतला ११ वा नियम वकिलाला दाखवा. पीडित आणि साक्षीदार यांना जाण्यायेण्याचे भाडे व किमान वेतनापेक्षा कमी नाही एवढा दैनिक निर्वाह खर्च सरकारने द्यायचा आहे. स्त्री, साठीपुढचे माणूस किंवा अपंग असेल तर सोबत्याचाही खर्च मिळतो. तिकिटे फेकू नका.