छात्रसेना : कुंपणाबाहेरच्या पोरांचे काय?

पहाटेचे साडेपाच वाजलेले. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की वरूडला झोप उशिरा लागते आणि जाग लवकर येते. संत्र्याच्या कॅरेटांनी भरलेले ट्रक मोर्शीच्या दिशेने निघालेले असतात, चहाच्या टपऱ्यांवर हमालांची पहिली फेरी झालेली असते. आणि त्याच रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात, पोरांचा एक जथा धावत असतो. कुणाच्या पायात शिवून घेतलेले बूट, कुणी अनवाणी. जरूड, बेनोडा, पुसला, राजुरा बाजार, शेंदूरजना घाट, सगळीकडे हेच दृश्य. ‘काय करून राह्यले रे एवढ्या पहाटे?’ असे विचारले तर धापा टाकत एकच उत्तर येते, ‘भरतीची तयारी, काका!’

भरती म्हणजे पोलीस भरती, नाहीतर लष्कराची. या पोरांना शिकवायला कुणी नाही. कुणीतरी मोबाईलवर वेळ लावतो, कुणीतरी आधी भरतीला जाऊन आलेला असतो, तोच उस्ताद. गंमत अशी, की ज्या वयात या पोरांनी धावायला, रांगेत उभे राहायला, नकाशा वाचायला आणि जखमेवर पट्टी बांधायला शिकावे, त्या वयासाठी या देशात एक मोठी संघटना पंचाहत्तरहून अधिक वर्षे काम करते आहे. तिचे नाव राष्ट्रीय छात्रसेना, आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेली एन.सी.सी. मग ही पोरे तिच्या मैदानात का नाहीत? रस्त्यावर का आहेत?

हा प्रश्न विचारण्याला निमित्तही आहे. २०२५ च्या आरंभी केंद्र सरकारने छात्रसेनेचा विस्तार करून छात्रांची संख्या वीस लाखांवर नेल्याचे सांगितले. २०१४ मध्ये ती चौदा लाखांच्या आसपास होती. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना माजी सैनिकांच्या मदतीने प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला. घराघरांतून त्यावर चर्चा झाली. कुणी म्हणाले, पोरे सुधारतील. कुणी म्हणाले, सहा वर्षांच्या लेकराला कसले लष्करी शिक्षण? दोन्ही बाजू आवेशाने बोलल्या, पण हा प्रयोग आपण एकदा करून पाहिलेला आहे, याची आठवण फार थोड्यांना झाली.

कुंझरूंचा विचार

छात्रसेनेचा जन्म काही १९४८ सालचा नव्हे. तिची मुळे १९१७ सालच्या युनिव्हर्सिटी कोअरमध्ये आहेत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा विद्यापीठांतील तरुणांना कवायत शिकवावी असे त्यांना सुचले. पुढे तिची नावे बदलत गेली, पण हेतू साम्राज्याच्या सोयीचाच राहिला. स्वातंत्र्य दाराशी आले असताना, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. कुंझरू हे नेमस्त परंपरेतले, भारत सेवक समाजाचे. बंदुकीच्या प्रेमात पडणारा हा माणूस नव्हता. त्यांच्या समितीने शिफारस केली ती देशभर शाळा-महाविद्यालयांत पसरलेल्या, पण ऐच्छिक असणाऱ्या छात्रसंघटनेची. एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी छात्रसेना अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला, १९५० मध्ये हवाई आणि १९५२ मध्ये नौदल विभाग.

या कायद्यातली एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घेण्यासारखी आहे. छात्रसेनेत गेलेल्या मुलावर सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन नाही. म्हणजे ही सैन्याची शाखा नव्हे, सैन्याची शाळाही नव्हे. नागरिक घडवण्यासाठी सैन्याकडून उसनी घेतलेली ही एक शिस्त आहे. त्यातून काही जण सैन्यात जातील, उरलेले शिक्षक होतील, बागाईतदार होतील, तलाठी होतील. त्यांनी वेळेवर यावे, दिलेले काम पुरे करावे आणि शेजारच्या जातीच्या पोराबरोबर एका ताटात जेवावे, एवढीच अपेक्षा. ‘एकता आणि अनुशासन’ या बोधवाक्याचा साधा अर्थ हाच.

सक्तीचा धडा

१९६२ मध्ये चीनने आपल्याला हिमालयात जबर तडाखा दिला. देश हादरला. त्या दिवसांत आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः सीमेवर जाऊन जवानांना धीर देऊन आले होते. गावोगावी लोकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. अशा भारलेल्या वातावरणात १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली. हेतूबद्दल कुणीच शंका घेणार नाही. १९६५ च्या युद्धात छात्रांनी वाहतूक नियंत्रणापासून दारूगोळा कारखान्यांतील मदतीपर्यंत कामेही केली.

पण सक्ती टिकली किती? जेमतेम पाच वर्षे. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. लाखो मुलांना पुरतील इतके प्रशिक्षक नव्हते, साहित्य नव्हते, आणि ज्याला मनापासून यायचे नव्हते त्याला हजेरीपुरते मैदानात उभे करून काही साधत नव्हते. तामिळनाडूत तर हिंदीतील कवायतीच्या आज्ञांवरूनच वाद पेटला आणि १९६८ मध्ये तिथल्या विधानसभेने त्या आज्ञांविरुद्ध ठराव केला. ज्या संघटनेने एकता शिकवायची, तीच भांडणाचे कारण ठरली! विद्यार्थ्यांच्या शक्तीला दुसरी वाट म्हणून १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली, ती यानंतरच.

तात्पर्य एवढेच, की शिस्त वाटून पातळ करता येत नाही. दुधात पाणी घातले की माप वाढते, साय येत नाही. पहिलीच्या लेकरांना ‘सावधान-विश्राम’ शिकवण्याआधी शासनाने १९६३ ते १९६८ या पाच वर्षांचा हिशेब एकदा काढून बघावा. खेळाचा तास नियमित झाला, शाळेला मैदान आणि मैदानाला शिक्षक मिळाला, तरी लहान मुलांसाठी पुष्कळ झाले.

वऱ्हाडाचे गणित

आता आपल्या भागाकडे येऊ. पश्चिम महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी’ या बिरुदानेच ओळखले जाते. तिथे घरटी फौजी असतो, आजोबा नातवाला सैन्याच्या गोष्टी सांगतो. वऱ्हाडात ही परंपरा तितकी खोल नाही. आपला इतिहास कापसाचा, नंतर संत्र्याचा. याचा अर्थ वऱ्हाडात बळ नव्हते असा नव्हे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने आपले देशी खेळ जगाला दाखवले. बेनोड्याच्या लोकांनी १९४२ मध्ये छातीवर गोळ्या झेलल्या म्हणून ते गाव आजही ‘शहीद’ म्हणून ओळखले जाते. बळ होते, पण त्याची वाट फौजेकडे जात नव्हती. शेती पोट भरत होती.

आज ती भरत नाही, हे वरूडकराला सांगायला नको. विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणून मिरवलेल्या या तालुक्यात बोअरवेल शेकडो फूट खाली गेल्या, पाण्याचा अतिउपसा झाला, फळगळीने बागा रिकाम्या केल्या. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यापासून निर्यातीचा आधारही डळमळला. बागेवर घर चालेना, म्हणून पोरगा पहाटे धावू लागला. त्याच्या धावण्यात देशभक्ती नाही असे मी म्हणत नाही. पण त्या धावण्यात बापाचे कर्जही आहे, हे विसरून चालणार नाही.

या पोराला छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र म्हणजे काय वाटत असेल? पोलीस भरतीत वाढीव गुण. अग्निवीर भरतीत वाढीव गुण. पदवीला पन्नास टक्के आणि ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी असेल, तर सैन्याच्या विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत. खेड्यातल्या मुलाला हा केवढा मोठा दरवाजा! पण दरवाजाची किल्ली प्रत्येकाजवळ नाही. छात्रसेना हवी म्हणून मुलाला ती मिळत नाही; त्याच्या संस्थेला ती मंजूर असावी लागते. अमरावतीला छात्रसेनेचे ग्रुप मुख्यालय आहे, अमरावती-अकोल्याला बटालियन आहेत. पण जिथे मंजुरी आहे तिथेही जागा पन्नास-शंभर, आणि वर्गात मुले कितीतरी अधिक. देशाचा हिशेबही तसाच आहे. २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. वीस लाखांतले सगळे छात्र महाविद्यालयातलेच आहेत असे धरले, तरी एकवीस-बावीस विद्यार्थ्यांमागे एक जागा पडते. प्रत्यक्षात त्यात शाळेतली मुलेही आहेत.

२०२० पासूनचा विस्तार प्रथम सीमावर्ती आणि किनारी भागांकडे वळला, ते योग्यच होते. मात्र देशाच्या मधोमध असलेला, ना सीमा ना समुद्र असा वरूडसारखा तालुका त्यात मागे राहणार हे उघड आहे. ज्या संस्थांना थांबायचे नाही त्यांच्यासाठी स्वखर्चाने तुकडी चालवण्याची योजना आहे. पण स्वखर्च म्हणजे शेवटी कुणाचा खर्च? शहरातली मोठी संस्था तो पेलेल. खेड्यातली संस्था तो पालकांवर टाकेल, आणि ज्याला छात्रसेनेची सर्वांत जास्त गरज तोच पुन्हा कुंपणाबाहेर राहील.

मास्तरांच्या खांद्यावर

या व्यवस्थेचा खरा कणा म्हणजे महाविद्यालयातला छात्रसेना अधिकारी. तो शिक्षकच असतो. नागपूरजवळच्या कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन येतो, खांद्यावर फीत लावतो आणि आठवड्याच्या कवायतींपासून दहा दिवसांच्या शिबिरापर्यंत मुलांमागे उभा राहतो. तास, पेपर तपासणी आणि निवडणुकीची कामे करून वर हे. असा एक मनस्वी शिक्षक लाभला तर त्या तुकडीतून पिढ्या घडतात. तो निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, तर गणवेश कपाटात राहतात. राज्यात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि छात्रसेना वाढवायची, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. तासिका तत्त्वावरचा माणूस कुणाच्या बळावर पोरांना घेऊन शिबिराला जाणार?

मुलींची रांग

या चित्रातली सर्वांत आशादायक रेघ मुलींची आहे. वीस लाखांत आठ लाखांहून अधिक मुली आहेत. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तो सोहळा टीव्हीवर पाहिला गेला. खेड्यातल्या मुलीच्या बाबतीत मात्र छात्रसेनेचा फायदा प्रमाणपत्राच्या आधीच सुरू होतो. शिबिरासाठी घराबाहेर दहा रात्री राहण्याची परवानगी तिला आयुष्यात प्रथमच मिळते. गणवेशातल्या मुलीला एस.टी. स्टँडवर कुणी टोकत नाही. ‘पोरगी काय परेड करते?’ असे म्हणणारा बाप तिच्या छातीवरचा बिल्ला पाहून गावात सांगत फिरतो. या बदलाला गुण देणारी कुठलीही परीक्षा नाही.

प्रमाणपत्राच्या पलीकडे

एक धोकाही सांगितला पाहिजे. गुणांसाठी छात्रसेना, नोकरीसाठी गुण, अशी साखळी घट्ट झाली की शिस्त हे साधन उरते आणि हजेरी हे साध्य होते. त्यात २०२२ पासून लष्कराची भरती चार वर्षांची झाली. त्यानंतर पंचवीस टक्केच कायम राहणार. म्हणजे उरलेल्यांना तरुण वयातच गावी परतावे लागेल. तेव्हा त्यांच्या कामी येईल ते प्रमाणपत्र नव्हे, अंगी मुरलेले वळण. २०२० च्या कोरोनाकाळात देशभर छात्र प्रशासनाच्या मदतीला उतरले, ते गुणांसाठी नव्हे. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीत झुंजजवळ नाव उलटून अकरा जीव गेले, तो दिवस वरूड तालुका विसरलेला नाही. पोहणे, जीव वाचवणे, गर्दी आवरणे शिकलेली दहा-वीस पोरे प्रत्येक मोठ्या गावात असावीत, हे अशा दिवशी कळते.

म्हणून मागणी साधी आहे. सक्ती नको, संधी हवी. पहिलीच्या लेकराला कवायत शिकवण्याआधी, जो अठरा वर्षांचा मुलगा आपणहून पहाटे उठून धावतो आहे त्याला मैदान द्या. प्रत्येक तालुक्यात निदान एका वरिष्ठ महाविद्यालयाला आणि दोन-तीन शाळांना शासनाच्या खर्चाने तुकडी मिळावी. गावोगावचे माजी सैनिक त्या तुकड्यांशी जोडून द्यावेत. शिक्षकाची जागा भरावी. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेनेला श्रेयांकाच्या विषयाचा दर्जा देण्यास सांगितले, त्याचा लाभही गावातल्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचावा.

नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी देशभर छात्रसेना दिन साजरा होतो. मैदानावर ध्वज फडकतात, संचलन होते, पाहुणे भाषणे करतात. त्या सकाळीही वरूडच्या रस्त्याने ती पोरे धावतच असतील. संचलनाचा ढोल त्यांच्या कानी पडेल, आणि त्या तालावर त्यांची पावले आपोआप जुळतील. त्यांची तयारी केव्हाच झाली आहे. आता फाटक आपण उघडायचे आहे.