पाकिटावरचा आकडा सोडा, कानातली फट बघा! नेमबाजीसाठी इअरप्लग घ्यायचे की इअरमफ?

पॅरिस ऑलिंपिकमधला तो फोटो तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. तुर्कीचा युसूफ डिकेच. एक हात खिशात, अंगात साधा टी-शर्ट, डोळ्यांवर रोजचाच वाटावा असा चष्मा आणि गळ्यात रौप्यपदक. ३० जुलै २०२४ चा तो दिवस. त्याच १० मीटर एअर पिस्तूल मिश्र प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी आपल्याला कांस्य मिळवून दिलं होतं. पण मीम्स झाले ते डिकेचवर. ना खास लेन्स, ना कानावर ते मोठे डबे. काका नुसते आले आणि पदक घेऊन गेले, असा सगळ्यांचा सूर.

आता तोच फोटो जरा झूम करून बघा. काकांच्या कानात पिवळे इअरप्लग आहेत.

हे सांगायचं कारण म्हणजे नेमबाजी आता आपल्याकडे फक्त टीव्हीवर बघायची गोष्ट राहिलेली नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं आणि मुलाला नेमबाजी लावायची का, ही चर्चा घराघरांत होऊ लागली. शनिवार-रविवारी हौस म्हणून रेंजवर जाणारे माझ्या वयाचे आयटीवालेही दिसतात. बंदूक कोणती, जॅकेट कुठलं, बूट केवढ्याला, यावर ते तासभर बोलतात. कानाचा विषय निघाला की उत्तर येतं, 'ते मिळतं ना काहीतरी ऑनलाइन, जास्त रेटिंगवालं घ्यायचं.'

माझं म्हणणं या जास्त रेटिंगबद्दलच आहे. तो आकडा बघून कानाचं संरक्षण निवडणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग आहे.

आधी बंदूक कोणती ते ठरवा

डिकेच, मनू आणि सरबज्योत यांच्या हातात होतं ते एअर पिस्तूल. त्यात दारू नसते, छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो. अकॅडमीत नव्या मुलांच्या हाती सुरुवातीला येते तीही एअर रायफल किंवा एअर पिस्तूलच. तिचा आवाज दारूच्या काडतुसापेक्षा खूपच कमी असतो. तिथे इअरप्लग घालायचे ते बंद हॉलमध्ये तासन् तास चालणाऱ्या टक-टकीपासून सुटका व्हावी आणि लक्ष स्वतःच्या श्वासावर राहावं म्हणून. साधे फोमचे प्लग तिथे पुरतात.

काडतूस आलं की सगळं बदलतं. कुसाळेच्या प्रकारात वापरतात ती पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची रायफल. एनसीसीच्या कॅम्पमध्ये फायरिंग केलं असेल तर हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. त्याचं शिखर १४० डेसिबलच्या आसपास जातं. बारा बोअरची शॉटगन, मोठ्या बोअरचं पिस्तूल किंवा रायफल १५० ते १७० च्या पट्ट्यात असते. एका झटक्यात कानाला कायमची इजा होऊ शकते अशी प्रौढांसाठी मानलेली मर्यादा १४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ती १२० ठेवली आहे.

तुलनेसाठी दिवाळी घ्या. फुटल्या जागेपासून ४ मीटरवर ज्या फटाक्याचा आवाज १४५ डेसिबलच्या शिखरापलीकडे जातो, तो बनवायला आणि विकायला आपल्याकडे १९९९ च्या नियमांनी बंदी आहे. ४ मीटरवर! बंदूक तर गालाला टेकलेली असते.

'एवढा मोठा वाटत नाही की!'

पॉइंट टू-टूबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. वाटत नाही हे खरं आहे, आणि धोकाही तिथेच आहे. गोळीचा आवाज काही मिलिसेकंदांत संपतो. आवाज किती मोठा ते ठरवायला मेंदूला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे इतका छोटा ठोका प्रत्यक्षापेक्षा लहान भासतो. मोठा आवाज झाला की आकसून आतल्या कानाला थोडं वाचवणारा एक चिमुकला स्नायू मधल्या कानात असतो, पण त्यालाही आकसायला काही दशक मिलिसेकंद लागतात. तो जागा होईपर्यंत गोळी लक्ष्यावर पोचलेली असू शकते.

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवरही विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. इतक्या तीव्र आणि इतक्या क्षणिक ठोक्याला तो आपली कमाल गाठून तिथेच थांबतो. ॲप १०५ दाखवेल, तुम्ही निश्चिंत व्हाल.

आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. त्यामुळे सुरुवातीला ऐकू येणं कमी झाल्याचं कळतच नाही. गर्दीत समोरच्याचे स, श, फ, थ नीट कळेनासे होतात आणि आपण म्हणतो, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान आधी जातो. तो नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो, तर उजवा कान डोक्याच्या आडोशाला असतो.

आता तो आकडा

पाकिटावर 'एनआरआर' लिहिलेलं असतं. ही आवाज किती कमी होतो ते सांगणारी अमेरिकी पद्धत. युरोपीय मालावर 'एसएनआर' असतं आणि त्याच वस्तूचा एसएनआर आकडा साधारणपणे एनआरआरपेक्षा थोडा मोठा दिसतो. म्हणजे ऑनलाइन दोन पाकिटं शेजारी ठेवून ३३ हे ३० पेक्षा चांगलं असं ठरवताना एक आकडा फुटात आणि दुसरा मीटरमध्ये, असंही होऊ शकतं.

एनआरआर मोजतात प्रयोगशाळेत. प्लग तिथला जाणकार स्वतः बसवून देतो, आणि आवाज हळू व सलग असतो, बंदुकीचा ठोका नसतो. घरी तेच प्लग आपण घाईघाईत कानात कोंबतो. म्हणून कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या 'नायॉश' या अमेरिकी सरकारी संस्थेने प्रत्यक्ष वापरासाठी हे आकडे कापायला सांगितलं होतं. इअरमफचे २५ टक्के कमी करा, दाबून बसवायच्या फोम प्लगचे ५० टक्के, बाकी प्लगचे ७० टक्के. या हिशेबाने ३० चा फोम प्लग उरतो १५ चा आणि २४ चा इअरमफ उरतो १८ चा. पाकिटावर हरलेला मफ कानावर जिंकतो!

हे का होतं, ते इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित आहे. प्लगने अडवलेल्या जागेपैकी फक्त १ टक्का फट राहिली, तर ढोबळमानाने आवाजाच्या ऊर्जेचा शंभरावा भाग त्या फटीतूनच आत शिरतो. शंभरावा भाग म्हणजे २० डेसिबल. उरलेल्या ९९ टक्क्यांवर तुम्ही काँक्रीट ओतलं तरी २० च्या वर काही मिळत नाही. ३३ चा प्लग घेऊन फट ठेवण्यापेक्षा २५ चा प्लग नीट बसवलेला बरा.

नीट म्हणजे कसा?

फोम प्लग बोटांत फिरवून, सुरकुती न पडता, बारीक वळायचा. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, तो आत फुगतो. आरशात समोरून बघितल्यावर प्लग कानाबाहेर डोकावत असेल तर तो बसलेला नाही. शंका वाटली तर प्लग घालून दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबा आणि काढा. आवाजात मोठा फरक पडला, तर प्लग गळतोय. हात काळे असताना प्लग वळू नका. शिसं बोटांवरून कानात नेण्यात काही शहाणपण नाही.

मफच्या बाबतीत शत्रू म्हणजे चष्मा. जाड काडी मफच्या गादीखालून जाते आणि तिथेच फट पडते. डोळ्यांचं संरक्षण सोडता येत नाही, म्हणून बारीक काडीचा चष्मा घ्या. ओढणी, टोपीची कड, कानावरचे केस यांनीही हेच होतं. रायफलवाल्यांची आणखी एक अडचण: गाल दस्त्यावर टेकवला की मफची वाटी दस्त्याला लागते, वर उचलली जाते आणि नेमक्या गोळीच्या क्षणी कान उघडा पडतो. म्हणून मफ घेताना नुसता घालून आरशात बघू नका. नेम धरण्याच्या पोझिशनमध्ये मान वाकवून बघा. पातळ वाटीचा मफ रेटिंगमध्ये कमी दिसेल, पण हलणार नाही.

माझा सल्ला विचाराल तर एअर गनला प्लग, आणि काडतुसाला प्लग अधिक मफ, दोन्ही. दोन्ही घातले म्हणून ३० आणि २४ मिळून ५४ होत नाहीत. मोठ्या आकड्यात साधारण ५ ची भर धरा, कारण काही आवाज कवटीच्या हाडातूनही आत जातो. तरीही दोन्ही घालायचे, कारण एक हलला तर दुसरा असतो. छताखालच्या रेंजवर तर नक्कीच. तिथे आवाज भिंतींवरून परत येतो आणि शेजारच्या लेनवाल्याचाही तुमच्याच वाट्याला येतो. लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, मोठ्यांचे प्लग त्यात बसत नाहीत. त्यांना मुलांच्या मापाचा मफ द्या.

इलेक्ट्रॉनिक मफ महाग आहेत, पण हौशी माणसाला उपयोगाचे. बोलणं ऐकू देतात आणि ठोका दाबतात. प्रशिक्षकाचं 'स्टॉप' ऐकण्यासाठी वाटी वर करायची वेळ येत नाही. त्यांचं खरं संरक्षण वाटी आणि गादीच करते, बॅटरी नाही; तेव्हा तिथेही फटीचाच प्रश्न. मात्र मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर थांबा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत आवाज वाढवणारी किंवा ग्रहण करणारी उपकरणं खेळाडूला चालत नाहीत.

गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंगवाले इअरबड्स? नाही. ते विमानाच्या सलग घरघरीसाठी आहेत. ॲपलने आपल्या एअरपॉड्सबद्दल बंदुकीच्या आवाजासाठी हे योग्य नाहीत, असं स्वतःच सांगितलेलं आहे. आणि कापसाचे बोळे, जे अजूनही निघतातच, मोजकेच डेसिबल अडवतात. उलट काहीतरी घातलंय या समाधानाने माणूस जास्त गोळ्या झाडतो.

रेंज चालवणाऱ्यांना एक विचारणा

आंतरराष्ट्रीय नियम खेळाडूंना आणि फायरिंग लाइनजवळच्या सगळ्यांनाच कान झाकण्याचा आग्रह करतात. 'सगळे' यात मागच्या बाकावर मोबाइल बघत बसलेले आई-बाबा येतात, स्कोअर लिहिणारा मुलगा येतो आणि दिवसभर तिथेच उभा असलेला प्रशिक्षक तर सर्वांत आधी येतो. हौशी माणूस महिन्याला शंभर गोळ्या ऐकत असेल, प्रशिक्षक तेवढ्या एका सकाळी ऐकतो. प्लगची जोडी चहाच्या किमतीत येते. ज्या टेबलावर पैसे घेऊन नाव लिहिता, तिथेच डबा ठेवा आणि कानात घातल्याशिवाय दार उघडू नका. काडतुसाच्या रेंजवर ही विनंती नसावी, नियम असावा.

काही जुन्याजाणत्यांना हे नाजूकपणाचं वाटतं. त्यांच्यासाठी कामाची गोष्ट: मोठ्या ठोक्याच्या अपेक्षेने शरीर ट्रिगर दाबण्याआधीच दचकतं आणि नेम हलतो. कान नीट झाकले की हे दचकणं कमी होतं. कानाची पर्वा नसेल तर निदान स्कोअरची करा.

नेमबाजी सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एकदा ऑडिओमेट्री करून तो कागद जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या चाचणीची तुलना करायला काहीतरी असेल. रेंजवरून आल्यावर कानाला दडा बसला किंवा शिट्टी वाजत राहिली, तर त्या दिवशी संरक्षण अपुरं पडलं हे नक्की. दुसऱ्या दिवशीही ते थांबलं नाही तर आठवडाभर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.