फाइलीवरील तारीख आणि न्याय

उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, या प्रश्नावरून जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक न्यायालयात गेली. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. मूळ उपकरण न्यायालयापुढे नसेल, तर संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र हवेच, असा निर्णय त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला. हा आग्रह निव्वळ तांत्रिक आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र तो सर्वस्वी उचित वाटतो.

टपालाचा शिक्का तिऱ्हाईत मारतो. फाइलीवरील तारीख मात्र ज्याच्या हाती यंत्र, त्याच्याच घड्याळावरून पडते. घड्याळ मागे सारले की आजचा दस्तऐवज गतवर्षीचा होतो. शिवाय फाइलीला तारखाही एकाहून अधिक असतात. ती निर्माण केव्हा झाली, तिच्यात बदल केव्हा झाला आणि ती उघडली केव्हा, यांच्या नोंदी निरनिराळ्या. विंडोज प्रणालीत जुन्या फाइलीची प्रत काढली, तर निर्मितीची तारीख प्रत काढल्याच्या दिवसाची पडते, बदलाची मात्र जुनीच राहते. जन्माआधीच बदल झाल्याची ही नोंद पाहून कोणी बनावटगिरीचा आरोप करील, तर तो निरपराध्यावर अन्याय होईल; आणि दिसते ती तारीख मुकाट्याने खरी मानली, तर लबाडाचे फावेल.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्रात फाइलीचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला जणू अंगठ्याचा ठसा, नमूद करावा लागतो. तज्ज्ञाची सहीही लागते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि ठसा घेतल्यानंतर फाइल बदललेली नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. त्यापूर्वी पडलेली तारीख खरी होती, हे नव्हे.

नोकरीचा आदेश, संस्थेचे इतिवृत्त, भाड्याचा करार हे सारे आता फाइलींतच राहते. तेव्हा वाद उद्भवताच मूळ यंत्र वा मूळ फाइल जशीच्या तशी राखून ठेवावी, आणि ई-मेल पोहोचल्याच्या नोंदीसारखा तिऱ्हाइताच्या हातचा दाखला तिच्या जोडीला मिळवावा. न्यायाधीश, वकील आणि चौकशी अधिकारी यांनीही तारीख वाचण्यापूर्वी ती कोणत्या घड्याळाची व कोणत्या प्रसंगाची, हे विचारलेच पाहिजे.