अभ्यासाची सावड

परीक्षेच्या दालनात शेजाऱ्याला उत्तर सांगणे हा गैरप्रकार आहे. त्याच शेजाऱ्याला आदल्या महिन्यात ते उत्तर कसे काढावे हे समजावून सांगणे ही विद्या आहे. दोन्ही कृतींच्या मुळाशी मदत करण्याची एकच इच्छा असते. फरक असतो तो वेळेचा आणि स्थळाचा. आपल्या शिक्षणव्यवस्थेने यातील पहिल्या कृतीची पुरेपूर दखल घेतली आहे. महाराष्ट्रात 1982 पासून परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा आहे. स्पर्धात्मक परीक्षांतील गैरमार्ग रोखण्यासाठी 2024 मध्ये केंद्रानेही कायदा केला. कॉपीमुक्तीची अभियाने, भरारी पथके आणि बैठी पथके दरवर्षी येतात आणि जातात. दुसऱ्या कृतीसाठी मात्र कनिष्ठ महाविद्यालयाच्या वेळापत्रकात एक तासही राखून ठेवलेला नसतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा राखून न ठेवलेला तास आहे.

पहिल्या कृतीचे टोक बुलडाणा जिल्ह्याने पाहिले आहे. 3 मार्च 2023 रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने परीक्षा सुरू होण्यापूर्वीच सिंदखेडराजा तालुक्यातून मोबाईलवर फिरली, आणि त्या प्रकरणी अटक झालेल्यांत शिक्षकांचाही समावेश होता. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च 2022 मध्ये, मुंबईत रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेचा भाग फुटला आणि एका खासगी शिकवणीच्या चालकाला अटक झाली. खेड्यातले प्रकरण आणि महानगरातले प्रकरण यांचे तात्पर्य एकच आहे. विषय समजेल हा भरवसा जेथे उरत नाही, तेथे उत्तर मिळेल या आशेचा बाजार भरतो. पोलीस हा बाजार काही काळ उठवू शकतात. पण नाहीसा झालेला भरवसा परत आणणे हे त्यांचे काम नव्हे.

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावाच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या या गावातील ज्या घरांचे वर्षाचे गणित सोयाबीन आणि कापसाच्या भावावर बसते, तेथून लातूरला, अकोल्याला किंवा थेट कोट्याला मुलगा पाठविणे हा शिक्षणाचा खर्च राहत नाही, ती एक गुंतवणूक होते. आणि तीही बहुधा कर्जाऊ. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी कोणाकडे पाहावे? कनिष्ठ महाविद्यालयातील विज्ञानाचा अध्यापक अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. तास संपला की त्याला दुसऱ्या गावचा तास गाठायचा असतो. अशा वेळी विद्यार्थ्याजवळ हमखास उरते ते एकच साधन: त्याच बाकावर बसणारा दुसरा विद्यार्थी.

हे साधन वाटते तितके दुबळे नाही. रसायनशास्त्रातील एक साधे उदाहरण घेऊ. प्रथम कोटीच्या एका अभिक्रियेचे अर्धायुष्य 30 मिनिटे आहे. ती 75 टक्के पूर्ण होण्यास किती वेळ लागेल? बारावीच्या परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, लॉगॅरिदमची कोष्टके चालतात. विद्यार्थी सूत्र लिहितो, 0.693 ला 30 ने भागून स्थिरांक काढतो, आणि पुढे 100 भागिले 25 लिहिण्याऐवजी 100 भागिले 75 लिहितो. कोष्टक त्याला निमूटपणे 0.1249 देते आणि उत्तर येते सुमारे साडेबारा मिनिटे. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. शेजारचा मित्र विचारतो, "अरे, अर्धी व्हायलाच तीस मिनिटं लागतात, मग पाऊण साडेबारा मिनिटांत कशी होईल?" चूक जागच्या जागी उघडी पडते. तोच मित्र पुढे हेही दाखवितो की, पहिल्या तीस मिनिटांनी निम्मे उरते, पुढच्या तीस मिनिटांनी त्याचे निम्मे, म्हणजे पाव उरते. तेव्हा उत्तर 60 मिनिटे, आणि कोष्टक उघडण्याचीही गरज नाही.

मित्राला हे का सुचले? बहुधा परवाच त्याने स्वतः तीच चूक केली होती. अनुभवी अध्यापकाला ती चूक करून वीस वर्षे झालेली असतात; सूत्रात उरलेले प्रमाण घालायचे असते, संपलेले नव्हे, ही गोष्ट त्याला इतकी उघड वाटते की ती सांगावयाची राहून जाते. अज्ञानाचा रस्ता नुकताच ओलांडलेला माणूस त्यातले खड्डे अधिक नेमके सांगू शकतो. भाषेचेही तसेच आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावीत विज्ञान शाखेत येते आणि एकाएकी सारे पुस्तक इंग्रजी होते. मोलॅरिटी आणि मोलॅलिटी या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात द्रावणाचे लिटर मोजायचे आणि दुसरीत द्रावकाचे किलोग्रॅम, हे वऱ्हाडी बोलीत सांगणारा मित्र त्या क्षणी ग्रंथापेक्षा मोलाचा असतो.

आपल्या शेतकरी समाजाला ही व्यवस्था नवी नाही. एका घरी एकच बैल असला की दोघे शेजारी सावड करतात. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. सावड म्हणजे दानधर्म नव्हे. तिच्यात परतफेडीची अपेक्षा असते आणि हिशेबही असतो. म्हणूनच ती टिकते. अभ्यासाची सावड तर शेतीच्या सावडीहून अधिक किफायतशीर आहे. बैल एका वेळी एकाच वावरात चालतो. ज्ञानाचे तसे नाही. दिल्याने ते देणाऱ्याजवळून कमी होत नाही, हा अर्थशास्त्रातील मान्य सिद्धांत आहे. उलट, समजावून सांगताना देणाऱ्याच्या मनातील संदिग्धता त्यालाच प्रथम जाणवते. शिकविणाराच अधिक शिकतो, हा अनुभव प्रत्येक अध्यापकाच्या गाठीशी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. आजच्या प्रवेशपरीक्षा पर्सेंटाइलवर चालतात. मित्राला पुढे नेणे म्हणजे स्वतः मागे पडणे नव्हे काय? हा आक्षेप भीतीचा आहे, हिशेबाचा नाही. समजा, परीक्षेला एक लाख विद्यार्थी बसले आणि मदत केल्यामुळे एक मित्र आपल्या पुढे गेला. आपले पर्सेंटाइल 0.001 ने घटेल. तेवढ्यात आपले स्वतःचे एखादे गणित पक्के झाले, तर किती जण मागे पडतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. उंद्रीच्या विद्यार्थ्याचा प्रतिस्पर्धी शेजारच्या आळीत राहत नाही. तो राज्यभर विखुरलेला आहे, आणि त्याच्यापाशी शिकवणी आहे, छापील टिपणे आहेत, सराव परीक्षा आहेत. त्याच्याशी एकट्याने झुंजायचे की जोडीने, एवढाच खरा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थी एकमेकांना चुकीचेही शिकवतील. शिवाय एक जण राबेल आणि चौघे नुसते उतरवून घेतील. दोन्ही धोके खरे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल या पाद्रीसाहेबांनी मुलांकरवी मुलांना शिकविण्याची रीत अवलंबिली. तद्देशीय शाळांत धुळीवर अक्षरे गिरवणारी मुले त्यांनी पाहिली होती. 1797 मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला आणि "मद्रास पद्धती" या नावाने ही रीत इंग्लंडात पसरली. तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण तिचा स्वस्तपणा हे होते. एका शिक्षकावर शेकडो मुले सोपविता येऊ लागली, आणि शिकणे पुष्कळदा पाठांतराच्या कवायतीवर आले. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. विद्यार्थ्यांचे परस्परसाहाय्य अध्यापकाला पूरक असावे, पर्याय नव्हे. मुले आपापसांत शिकतात, तेव्हा पदे रिक्त ठेवली तरी चालेल, असा अर्थ शासनाने काढता कामा नये.

मग करावे काय? मागणी मोठी नाही. कनिष्ठ महाविद्यालयाने आठवड्यातून दोन तास एक खोली, एक फळा आणि मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका उपलब्ध करून द्याव्यात. विद्यार्थ्यांनी चार-पाच जणांच्या गटात बसावे. गणित एकाने सोडवावे, पण फळ्यावर ते दुसऱ्याने समजावून द्यावे. म्हणजे नुसते उतरवून घेणाऱ्याला थारा उरणार नाही. गटाचे एकमत न झालेले प्रश्न वहीत लिहून ठेवावेत आणि अखेरच्या पंधरा मिनिटांत अध्यापकाने त्यांचा निर्णय द्यावा. अध्यापकाच्या त्या पंधरा मिनिटांचे मानधन संस्थेने द्यावे. सद्भावनेच्या नावाखाली ते बुडवू नये.

हा तास महाविद्यालयात आणि दिवसाच असावा, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. मुलांना देवळाच्या पारावर किंवा मित्राच्या माडीवर रात्री उशिरापर्यंत बसता येते. मुलींना एसटीची शेवटची गाडी गाठायची असते, आणि घरी पोहोचल्यावर चूल वाट पाहत असते. आज जे परस्परसाहाय्य आपोआप घडते त्यातून मुली बहुतांशी वगळल्या जातात. वर्गात त्या मागे नसतात. मागे राहतात त्या वर्ग सुटल्यानंतरच्या तासांत.

कॉपीमुक्त परीक्षेचा आग्रह योग्यच आहे; त्यात तसूभरही सवलत नको. परंतु परीक्षेच्या तीन तासांत विद्यार्थ्याने एकट्याने उभे राहावे अशी अपेक्षा धरणाऱ्या समाजाने, उरलेल्या वर्षभर त्याला एकटे सोडलेले नाही ना, हेही तपासले पाहिजे. पेरणी सावडीने झाली असली, तरी आपल्या वावरातले पीक ज्याचे त्यालाच मोजून द्यावे लागते. मोजणीच्या दिवशी पहारा बसविणाऱ्यांनी पेरणीच्या दिवसांतही बांधावर यावे, एवढीच अपेक्षा आहे.