दोन टक्क्यांचा हिशेब आणि समाजऋण

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात ‘कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’चा इतिहास बहुधा १९५३ सालापासून, हॉवर्ड बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या ग्रंथापासून शिकवला जातो. त्याच्या सदतीस वर्षे आधी, १९१६ साली, अमळनेरला प्रताप शेठ आणि वल्लभदास शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली होती. त्यासाठी त्यांच्यावर कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. मिळवलेल्या धनावर समाजाचेही ऋण असते, ही जाण त्यामागे होती. हे खान्देशच्या विद्यार्थ्याला कोण सांगणार?

आज या ऋणाची टक्केवारी ठरली आहे. २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४पासून लागू झाले. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची आहे. कायदा स्वागतार्हच आहे. परंतु त्याच कायद्यात कंपनीच्या कार्यक्षेत्रालगतच्या परिसराला प्राधान्य देण्यास सांगितले आहे. मग ज्या तळोदा-धडगावात कारखान्याचे धुराडेच नाही, तेथे हा निधी कोणत्या वाटेने पोहोचावा? नंदुरबार २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. म्हणजे गरज मोठी आणि दाता दूर, अशी ही विषम स्थिती आहे.

येथेच विद्यापीठाचे काम सुरू होते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत २०११ साली सार्वजनिक उपक्रमांसाठी राष्ट्रीय सीएसआर केंद्र उभे राहिले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, त्या जळगावच्या विद्यापीठाने असे संशोधन केंद्र जोमाने चालवलेच पाहिजे. मात्र त्याचे कार्य उद्योगपतींच्या सत्कारापुरते आणि चर्चासत्रांपुरते उरता कामा नये. २०२१च्या नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना १ कोटी वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावे लागते. पण ही ‘स्वतंत्र’ संस्था निवडते कंपनी आणि तिचे शुल्कही देते कंपनीच! ज्याचे मीठ खायचे त्याचेच माप काढायचे, हे कितीसे निर्भीडपणे होणार? विद्यापीठाने हे काम स्वीकारले तर अहवाल जनतेसमोर ठेवण्याची अट आधी घालावी.

अभ्यासासाठी परदेशी उदाहरणांची उसनवारी कशाला? शिरपूर तालुक्यात २००४पासून अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल करून सिमेंट बंधाऱ्यांची साखळी उभी केली. ती तापीच्या गाळाच्या थरात किती यशस्वी ठरते आणि काळ्या कातळात किती, याचा निःपक्ष शोध घ्यावा. साक्री तालुक्यातील बारीपाड्यात चैत्राम पवार यांनी वनवासी बांधवांना संघटित करून सुमारे ४०० हेक्टर जंगल राखले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथे नियम गावाने केले आणि पाळलेही गावानेच. निधी संपल्यावर काम का टिकते, याचे उत्तर अशा पाड्यांवर मिळेल.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा केली. धुळ्याचे संशोधन मंडळ त्या तपश्चर्येचा वारसा आजही जपत आहे. सीएसआरच्या अभ्यासकानेही तशीच पायपीट करावी. बांधलेल्या शौचालयात पाणी आहे का, वाटलेले संगणक चालू आहेत का, लावलेली रोपे दुसरा उन्हाळा पाहू शकली का, हे जागेवर जाऊन लिहावे.

या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या त्या माउलीचे ज्ञान शेतात आणि घरात घडले होते. तिच्या नावाच्या विद्यापीठाने समाजऋणाचे शास्त्र उसन्या पुस्तकांतून का शिकावे? दोन टक्क्यांचा हिशेब सनदी लेखापाल लावतील; त्यातून खान्देशच्या माणसाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब विद्यापीठानेच मागितला पाहिजे.