रुमालाखालची परीक्षणे

दिवाळीत शेजारच्या वहिनींनी पाठवलेली चकली मऊ निघाली, तरी आपण ‘काय कुरकुरीत झाली आहे!’ असेच म्हणतो. हा शेजारधर्म झाला, आणि तो पाळावाच. पण आमच्या परीक्षणकारांनी हाच धर्म पुस्तकांना लावला आहे. त्यातही मुलांच्या पुस्तकांना तो इतका लावला आहे की, कुमारांसाठी लिहिलेली कादंबरी वाईट असूच शकत नाही, असा परक्याचा समज व्हावा. ‘संस्कारक्षम’, ‘ओघवती’, ‘प्रत्येक घरात असावी अशी’ हे शब्द छापून ठेवावेत. पुस्तकाचे नाव तेवढे बदलले की परीक्षण तयार!

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. साहित्यशास्त्र मला येत नाही. पण पुण्याच्या मार्केट यार्डाजवळ राहतो, त्यामुळे पारख कशी करतात ते रोज पाहतो. येथला खरेदीदार पेटीच्या वरच्या थराला भुलत नाही. तळातले फळ काढून बघतो. धान्याच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून आतला दाणा तळहातावर घेतो. राहिला भाव. तो एके काळी बाजारात रुमालाखाली, बोटे दाबून ठरत असे; ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाच त्याचा पत्ता नसे. 1963 साली महाराष्ट्रात बाजार समित्यांचा कायदा झाला, उघड लिलावाचा नियम आला. जो न्याय कांद्याला मिळाला, तो कादंबरीला मात्र अद्याप मिळालेला नाही! आज मी तुझ्या पुस्तकाला ‘ओघवते’ म्हणावे, उद्या तू माझ्या. आणि ज्याच्यासाठी हा माल आणला, तो तेरा वर्षांचा वाचक बाजूला उभा.

‘मुलांना काय कळते?’ असे कोणी म्हणेल. ऐका. एका शाळेत भित्तिपत्रकावर हमालाच्या मुलाने एका कुमार-कादंबरीविषयी लिहिले : ‘यातला बारा वर्षांचा नायक साखरेचे पोते खांद्यावर टाकून चोरामागे धावतो. माझे वडील पन्नास किलोचे पोते उचलतात, तेव्हा त्यांना बोलतासुद्धा येत नाही. लेखकाने पोते उचलून बघावे.’ अहो, परीक्षण म्हणतात ते याला! पण लेखक शाळेत यायचे होते. कागद रातोरात उतरला, आणि मुलाला ‘मोठ्यांविषयी असे लिहू नये’ ही शिकवण मिळाली. म्हणजे मराठीच्या तासाला त्याला खोटे बोलायला शिकवले गेले.

‘आधीच मुलांसाठी लिहिणारे थोडे, टीका केली तर तेही थांबतील,’ असा एक कळवळ्याचा युक्तिवाद असतो. परंतु 1874 साली निबंधमाला काढून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी भल्याभल्यांवर कोरडे ओढले. त्याने मराठी लेखणी थांबली नाही, उलट तिला धार आली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही धावतो आहे, 2017 साली तो पडद्यावरही आला. तो काय कोणाच्या ‘संस्कारक्षम’ या शिफारशीवर? मुलांनी ती पुस्तके एकमेकांच्या हातांतून ओढून घेतली, म्हणून!

खरी हानी निराळीच आहे. सर्वांनी वाखाणलेले पुस्तक मूल उघडते आणि दहाव्या पानावर कंटाळते. पुस्तक रटाळ आहे, असे त्याला कोणीच सांगितलेले नसते. मग ते समजते की, आपल्यालाच वाचता येत नाही. ते पुस्तक मिटते, आणि पुष्कळदा कायमचे मिटते. लेखकाचे मन राखण्यासाठी आम्ही वाचक गमावतो, हा कुठला व्यवहार?

म्हणून आईबापांना एकच विनंती. या सुटीत मुलाच्या हाती कादंबरी द्या. पण ‘तात्पर्य काय?’ असे विचारू नका. ‘कुठे कंटाळलास? काय खोटे वाटले?’ असे विचारा. उत्तर येईल ते निमूट ऐका. कादंबरी माझी असली, तरीसुद्धा!