वणव्याचे इंधन आणि सरकारी डोळेझाक

चेन्नईच्या उत्तर टोकावरील एन्नोर हे इंधनाचे गाव आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१४ पर्यंत एन्नोर बंदर याच नावाने ओळखल्या गेलेल्या कामराजर बंदरात कोळशाची जहाजे रिकामी होतात. वल्लूर आणि उत्तर चेन्नई येथील औष्णिक वीजकेंद्रांच्या भट्ट्या कोळशावरच चालतात. २०१९ पासून तेथे द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनलही उभे आहे. कोळशाचा ढीग फार काळ पडून राहिला तर तो आतून तापतो आणि आपोआप पेटतो. म्हणून तो दाबून ठेवतात, त्यावर पाणी मारतात, जुना माल आधी भट्टीत घालतात. वायू उणे १६२ अंशांवर सांभाळावा लागतो. एन्नोरच्या खाडीतील राखेमुळे आणि तेलगळतीमुळे या उद्योगांना न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागले, ही बाब वेगळी आणि गंभीरही आहे. परंतु इंधन जेथे साठते तेथे आग हा दैवाचा खेळ नसून हिशेबाची बाब असते, एवढे तत्त्व तरी तेथील प्रत्येक अभियंत्यास ठाऊक असते.

आपल्या सार्वजनिक जंगलांच्या बाबतीत मात्र हे साधे तत्त्व शासनास अद्याप मान्य झालेले दिसत नाही. ११ मार्च २०१८ रोजी याच तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, पदभ्रमणास गेलेला गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचा बळी गेला. मृतांत महिला दिनानिमित्त चेन्नईहून निघालेल्या तुकडीतील तरुणीही होत्या. उतारावर वाळलेले गवत माजलेले होते, वारा सुटला आणि पळण्यास वाट उरली नाही. सरकारने ज्येष्ठ सनदी अधिकारी अतुल्य मिश्रा यांच्याकडे चौकशी सोपविली आणि त्याच वर्षी पदभ्रमणाचे नियमन करणारे नियम आले. हे आवश्यकच होते. तथापि चर्चेचा सारा रोख जंगलात कोण गेले, कोणाच्या परवानगीने गेले, यावर राहिला. उतारावरचे गवत एवढे का साठले आणि ते वेळीच कमी करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मागे पडला.

आगीला तीन गोष्टी लागतात: उष्णता, हवा आणि इंधन. पहिल्या दोन माणसाच्या हाती नाहीत. तिसरी मात्र आहे. पानगळीच्या जंगलात दर हिवाळ्यात पालापाचोळा पडतो, गवत वाळते, फुलोरा येऊन मेलेला बांबू आडवा होतो. जानेवारीच्या अखेरीस, पहाटेचे दव आणि जमिनीतील ओल शिल्लक असताना हेच इंधन तुकड्यातुकड्याने जाळले, तर ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नाहीत आणि मोठ्या झाडांच्या साली शाबूत राहतात. तेच एप्रिलच्या दुपारी पेटले तर आग शेंड्यापर्यंत चढते. म्हणजे खरी निवड आग आणि आगीचा अभाव यांत नसते. ती बहुधा आपल्या वेळेची लहान आग आणि तिच्या वेळेची मोठी आग यांत असते.

हे ज्ञान नवे नाही. आगीपासून जंगल पूर्णपणे राखण्याचा प्रयोग हिंदुस्थानात प्रथम झाला तो सातपुड्यातील बोरीच्या जंगलात, १८६० च्या दशकात, कर्नल पिअर्सन यांच्या देखरेखीखाली. त्याला यश आले आणि ‘आग म्हणजे शत्रू’ हे वनखात्याचे ब्रीद झाले. डोंगर जाळून नाचणी-वरी पेरणारे, मोहाखालचा पाला पेटविणारे आदिवासी त्यामुळे गुन्हेगार ठरले. पुढे खात्यातच शंका उमटली. १८९६ मध्ये ब्रह्मदेशातील वनाधिकारी एच. स्लेड यांनी ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये लेख लिहून तेथील आगसंरक्षणाचा अतिरेक झाल्याचे बजावले. आगच न लागलेल्या जंगलात सागाचे नवे रोप उभे राहत नाही, असा त्यांचा अनुभव होता. साहेबाच्या खात्याने हा वाद निदान घातला. स्वातंत्र्यानंतर आपण वाद विसरलो आणि ब्रीद तेवढे जपले.

कायद्याची भाषा पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. १९२७ चा भारतीय वन कायदा राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा मानतो. तामिळनाडूत अद्याप १८८२ चा जुना मद्रास कायदाच चालतो आणि त्याचाही सूर तोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३० वे कलम अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने आग पेटविण्यास मनाई करते. बेपर्वाईने काडी टाकणाऱ्यास शिक्षा व्हावी याविषयी दुमत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने, ठरल्या वेळी, ठरल्या जागी पाला जाळणारा गावकरी आणि हा बेपर्वा इसम या दोघांत आपली व्यवस्था व्यवहारात भेद करीत नाही. खात्याला स्वतःच्या जाळरेषा जाळण्याची मुभा आहे, गावाला नाही.

याचे परिणाम तामिळनाडूच्या सीमेलगतच पाहावयास मिळतात. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिग आदिवासी हंगामाच्या आरंभी पाल्याची हलकी आग लावीत. तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. १९७४ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि ही प्रथा बंद पडली. सोलिगांचे म्हणणे असे की, त्यानंतर घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढले. संशोधकांनी त्यांच्या या निरीक्षणांची गंभीर दखल घेतली आहे. घाणेरीच्या प्रसाराला इतरही कारणे आहेत, हे खरे. पण वाळलेली घाणेरी म्हणजे जमिनीपासून शेंड्यापर्यंत आगीसाठी लावलेली शिडीच होय. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेजारच्या बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात हजारो हेक्टर क्षेत्र जळाले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले की, देशातील वाघांच्या अधिवासाच्या ४० टक्क्यांहून अधिक भागात घाणेरी पसरली आहे. म्हणजे बंदीपूर हा अपवाद मानून चालणार नाही.

महाराष्ट्राची कथा वेगळी नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडील वणव्याचा हंगाम. त्यापूर्वी जाळरेषा पूर्ण व्हाव्यात, अंगारी नेमले जावेत, असा दंडक आहे. हा अंगारी म्हणजे हंगामापुरता नेमलेला, बहुधा आदिवासी, रोजंदारीवरचा माणूस. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझविताना तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातील बिनसर येथे चार वनकर्मचाऱ्यांच्या बाबतीत हेच घडले. आग विझविण्यासाठी या देशातील तळाच्या माणसाच्या हाती अजूनही प्रामुख्याने हिरव्या फांद्यांचा झोडपा असतो. जे इंधन जानेवारीत थोड्या खर्चात आणि कमी धोक्यात कमी करता आले असते, त्याची किंमत तो एप्रिलमध्ये जिवाने मोजतो. या विषयातला खरा अन्याय हा आहे.

मग हे जानेवारीत का होत नाही? येथे वनशास्त्र संपते आणि राजकारण सुरू होते. पहिली अडचण दिनदर्शिकेची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि निधी बहुधा उत्तरार्धात सुटतो. वणव्याचा हंगाम त्याच सुमारास ऐन भरात येतो. दुसरी अडचण निवडणुकांची. २००४ ते २०२४ या काळातील पाचही लोकसभा निवडणुका प्रामुख्याने एप्रिल-मे महिन्यांत झाल्या. मे २०२४ मध्ये उत्तराखंडची जंगले जळत असताना वनकर्मचारी निवडणुकीच्या कामावर कसे, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला त्या राज्यास विचारावा लागला. तिसरी अडचण मोजमापाची आहे आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीची ठिकाणे टिपून सूचना देते. २०२३-२४ च्या हंगामात अशी दोन लाखांहून अधिक ठिकाणे नोंदली गेली. ही यंत्रणा उत्तम आहे. परंतु उपग्रहाला उष्णता दिसते, हेतू दिसत नाही. विचारपूर्वक लावलेली जानेवारीतली आग आणि बेफाम वणवा हे दोन्ही नकाशावर ठिपकेच. ठिपक्यांच्या संख्येवरून अधिकाऱ्याचे काम जोखले जाणार असेल, तर तो शहाणपणाची आग कशासाठी लावील? त्याच्या दृष्टीने काहीच न करणे सुरक्षित. इंधन साठत राहते, अधिकारी बदलून जातो आणि वणवा पुढच्याच्या कारकिर्दीत लागतो.

या भूमिकेवर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, प्रत्येक जंगलाला आग मानवत नाही. हे पूर्णपणे खरे आहे. सह्याद्रीतील सदाहरित राई, निलगिरीतील शोला यांत आगीला स्थान नाही. तेथे ती शिरू न देणे हेच धोरण हवे. कोकण आणि घाटमाथ्यावर दर उन्हाळ्यात लागणाऱ्या वणव्यांचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. दुसरा आक्षेप घाणेरीच्या अभ्यासातूनच येतो. ती एकदा माजली की वारंवारच्या आगीने ती उलट अधिकच पसरते, असा इशारा अभ्यासकांनी दिला आहे. म्हणून अशा ठिकाणी आधी मुळासकट उपटणे आणि मगच आगीचा विचार, हा क्रम पाळावा लागेल. तिसरा आक्षेप धोक्याचा. २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात वनसेवेने स्वतः लावलेली नियोजित आग हाताबाहेर गेली आणि त्या राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा वणवा ठरली. तेथील वनसेवेने ९० दिवस अशा सर्व आगी थांबविल्या, आढावा घेतला, नियम कडक केले आणि काम पुन्हा सुरू केले. नुकसानभरपाईसाठी तेथील संसदेने स्वतंत्र कायदा केला. धडा असा की, जबाबदारी आधी निश्चित असेल तरच आगीशी व्यवहार करावा. आपल्याकडे ती निश्चितच केलेली नसते.

मार्ग काय? एन्नोरसारख्या ठिकाणाहून एक सोपे उत्तर सुचविले जाईल. केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार औष्णिक केंद्रांनी कोळशाबरोबर काही प्रमाणात जैवभाराच्या कांड्या जाळावयाच्या आहेत. मग जंगलातील घाणेरी आणि पाला भट्टीत का घालू नये? निलगिरीतील विदेशी सेन्नाची झाडे तामिळनाडूच्या सरकारी कागद कारखान्याला देण्याचा प्रयोग झालाच आहे. उपटलेल्या घाणेरीपुरते हे ठीक. परंतु पालापाचोळा हे जंगलाचे खतही आहे. कारखान्याची भूक एकदा लागली की ती तण आणि झाड यांत फरक करीत नाही. बाजाराकडे इंधनाचे व्यवस्थापन सोपविणे म्हणजे जंगल ठेकेदाराच्या स्वाधीन करणे होय, आणि ठेकेदारीचा अनुभव महाराष्ट्रास तेंदूपत्त्याच्या निमित्ताने पुरेसा आहे. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आगी लावल्या जातात, हे उघड गुपित आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने यावर आपले उत्तर शोधले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळताच तेथील ग्रामसभेने ठरविले की, तेंदूपाने तोडावयाचीच नाहीत, कारण त्यापायी झाडे छाटली जातात आणि जंगल जळते. रोख उत्पन्नावर पाणी सोडून त्यांनी बांबूवर भर दिला. हक्क मिळालेला माणूस आगीचा हिशेब स्वतः करतो, मग तो हिशेब आग लावण्याचा असो की न लावण्याचा.

यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. वनविभागाच्या कार्य आयोजनेत प्रत्येक परिक्षेत्रातील इंधनसाठ्याची आणि जंगलाच्या प्रकारानुसार नियोजित आगीची नोंद बंधनकारक असावी. ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले आहेत त्यांना या आयोजनेत भागीदार करून, लेखी मान्यतेने लावलेली आग गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर ठेवावी. उपग्रहाच्या नोंदीत नियोजित आग वेगळ्या रकान्यात असावी. निधी डिसेंबरपूर्वी परिक्षेत्रापर्यंत पोहोचावा, हंगामात वनरक्षकास निवडणुकीचे काम देऊ नये आणि अंगाऱ्यास विमा, पोशाख व प्रशिक्षण मिळावे. यातील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, सचिवांची सही लागते.

या पानाच्या वाचकांत अशा सह्या करणारे बरेच जण आहेत. मराठी मुलखातून निघून तामिळनाडू, कर्नाटक वा उत्तराखंडच्या सेवेत रुजू झालेल्या अधिकाऱ्याला वणव्यासाठी भाषा बदलावी लागते, प्रश्न मात्र तोच राहतो. जंगलातल्या साठ्याला पहारेकरी नसला तरी तारीख असते, आणि ती तारीख दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यास येते. फाईल त्यापूर्वी हलली तर काही अंगारी एप्रिल ओलांडून घरी परततील. नंतर हलली तर ती नुकसानभरपाईची फाईल असेल.